बर्डीत उतरल्यावर पुढचे तीन किलोमीटर: भाड्याची ई-स्कूटी आणि सायकल

भाड्याच्या स्कूटीचं ॲप उघडलं की बहुतेक जण जवळची गाडी शोधायला लागतात. नागपुरात आधी शोधायची ती गाडी सोडायची जागा, म्हणजे झोन. गाडी मिळाली आणि जिथे जायचं तिथे झोनच नसला, तर मीटर चालू ठेवून धंतोलीच्या गल्ल्यांतून चकरा मारत बसावं लागतं. गाडी चांगली की वाईट हा प्रश्न त्यानंतरचा. या सेवेचा खरा माल म्हणजे ॲपच्या नकाशावरच्या पार्किंगच्या खुणा. त्या तुमच्या कॉलेजपाशी किंवा ऑफिसपाशी असतील तर पुढचं वाचा, नसतील तर शेअर ऑटो बरा.

हा परीक्षणाचा प्रपंच दोन वाहनांपुरता आहे. एक, एकाच माणसासाठी असलेली, ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी विजेची स्कूटी. दुसरं, मागच्या चाकाला कुलूप असलेली साधी सायकल. कंपनीचं नाव मुद्दामच घेतलेलं नाही. या धंद्यात कंपन्या येतात आणि जातात; कुलूप, क्यूआर कोड, झोन, मिनिटाचा हिशोब हे सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच राहतं.

नागपूरची मेट्रो म्हणजे अधिकचं चिन्ह. ऑरेंज लाइन ऑटोमोटिव्ह चौकापासून खापरीपर्यंत, ॲक्वा लाइन प्रजापती नगरपासून लोकमान्य नगरपर्यंत, आणि दोन्हींची गाठ सीताबर्डीला, म्हणजे आपल्या बर्डीला. पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला पूर्ण सुरू झाला. पण शहर काही त्या चिन्हाच्या रेघांवर राहत नाही, मधल्या चार तुकड्यांत राहतं. भाड्याच्या गाडीचं काम त्या तुकड्यांत आहे: स्टेशनातून बाहेर पडल्यावर दीड ते चार किलोमीटर. रहाटे कॉलनीहून दीक्षाभूमी, शंकर नगर चौकातून व्हीएनआयटी, अजनी चौकातून मेडिकल कॉलेज, सुभाष नगरहून आयटी पार्क. हे सगळे पट्टे बऱ्यापैकी सपाट आहेत, रस्ते रुंद आहेत आणि ऑटोवाल्याशी घासाघीस करण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात अर्धं अंतर कापून होतं.

उलट पूर्वेकडे, महाल आणि इतवारीत, ही गाडी नेऊच नका. चितारओळी चौकाच्या स्टेशनवर उतरून पायी गेलेलं लवकर पोहोचवतं. गल्लीत हातगाडी आडवी आली की स्कूटी आणि माणूस दोघांचाही वेग सारखाच, फक्त स्कूटीला मिनिटाचे पैसे पडतात. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी तर त्या बाजूला गाडी घेऊन जाणं म्हणजे राइड संपवायला जागा मिळणार नाही याची खात्रीच.

आता पैसे. दर सारखे बदलतात, म्हणून हिशोबाची रीत लक्षात ठेवा. अनलॉकचे १० रुपये आणि मिनिटाला दीड रुपया, असं धरू. गाडीचा कमाल वेग २५ असला तरी सिग्नल, स्पीड ब्रेकर, वळणं धरून शहरात सरासरी १५-१६ च पडते. म्हणजे तीन किलोमीटरला १२ मिनिटं, आणि बिल २८ रुपये. जाऊन-येऊन ५६, महिन्याचे २४ दिवस धरले तर १,३४४. स्वतःच्या पेट्रोल स्कूटरला लिटरमागे ४५ किलोमीटर आणि पेट्रोल शंभरीच्या वर धरलं तर तेच तीन किलोमीटर सात रुपयांत होतात. तेव्हा ‘पेट्रोल वाचतं’ म्हणून ही गाडी घेऊ नका. ज्याच्याकडे दुसरी गाडी नाही, किंवा जो घरची गाडी घरी ठेवून मेट्रोने येतो, त्याच्यासाठी हा सौदा आहे. रोज जाणाऱ्याने मिनिटाचा दर विसरून महिन्याचा पास आहे का ते बघावं. पासात रोजची किती मिनिटं फुकट आहेत आणि ती एका राइडला आहेत की दिवसभराची मिळून, हे दोन मुद्दे नीट वाचावेत. ‘रोज ३० मिनिटं’ आणि ‘प्रत्येक राइडची पहिली ३० मिनिटं’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बिल फुगतं ते चालवण्याने नाही, थांबण्याने. ॲपमध्ये ‘पॉज’ची सोय असते, गाडी कुलूपबंद राहते, पण मीटर चालूच, फार तर थोड्या कमी दराने. पूर्ण दराने २० मिनिटं तर्री पोह्यांसाठी थांबलात तर ३० रुपये उडाले. गाडी पोह्यांपेक्षा महाग पडली. सात मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल आणि तिथे झोन असेल तर राइड संपवा, पुन्हा घ्या. दीड रुपयाच्या दराने अनलॉकचे १० रुपये सात मिनिटांत वसूल होतात.

गाडी घेण्याआधी एक मिनिट तिच्याभोवती फिरा. अनलॉक झाल्यापासून मीटर पळतं, म्हणून तपासणी आधी. टायर अंगठ्याने दाबून बघा. हवेचा टायर असेल आणि अंगठा सहज आत गेला तर दुसरी गाडी घ्या. दोन्ही ब्रेक दाबा. लिव्हर हँडलला टेकेपर्यंत आला तर तार ढिली आहे. अर्ध्यात चाक धरलं पाहिजे. सीट दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवा. आरसा, मडगार्ड, पुढची टोपली तुटलेली दिसली तर फोटो काढून ठेवा, नाहीतर ते तुमच्या नावावर लागू शकतं. मग स्कॅन. दुपारच्या उन्हात चकाकीमुळे क्यूआर वाचला जात नाही. मोबाइलवर आणि कोडवर हाताची सावली धरा. स्टिकर उन्हाने विटलेला असेल तर त्याखालचा गाडी क्रमांक हाताने टाका. ॲपमध्ये ती सोय असते, लोकांना दिसत नाही इतकंच.

अनलॉक झाली, डिस्प्ले लागला, बॅटरी ७० टक्के, आणि रेस दिली तरी गाडी जागची हलत नाही. ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते आणि दहातल्या बऱ्याच वेळा गाडी बिघडलेली नसतेच. दोन कारणं असतात. पहिलं, साइड स्टँड. स्टँड पूर्ण वर गेला नाही की सेन्सर मोटर चालू होऊ देत नाही. पायाने एक ठोसा द्या. दुसरं कारण बारीक आहे. ब्रेक लिव्हरच्या बुडाशी बोटाच्या पेराएवढा एक स्विच असतो. ब्रेक दाबला की तो मोटरचा पुरवठा तोडतो, म्हणजे ब्रेक आणि रेस एकमेकांशी भांडत नाहीत. धूळ किंवा पावसाचं पाणी जाऊन लिव्हर पूर्ण बाहेर येत नाही, स्विच दबलेलाच राहतो, आणि गाडीला वाटतं तुम्ही ब्रेक धरून बसला आहात. मागचा लाल दिवा बघा. ब्रेक सोडूनही तो ठळक पेटलेला असेल तर हाच प्रकार. दोन्ही लिव्हर बोटाने बाहेर, हँडलपासून दूर ढकला. दिवा मंदावला की गाडी चालायला लागते. तरीही हलली नाही तर राइड लगेच संपवा. बहुतेक ॲप पहिल्या एक-दोन मिनिटांत परत केलेल्या गाडीचे पैसे लावत नाहीत किंवा तक्रारीवर परत देतात.

राइड संपवताना जे अडतं ते मात्र नागपूरच्या मेट्रोमुळेच जास्त अडतं. गाडी कुठे आहे हे तिच्यातल्या जीपीएसवरून ठरतं, काही ॲपमध्ये मोबाइलच्याही. स्टेशनखाली, व्हायाडक्टच्या (मेट्रोच्या उंच पुलाच्या) सावलीत किंवा वर्धा रोडच्या डबल डेकर पुलाखाली आकाश दिसत नाही. वरचा काँक्रीटचा थर उपग्रहांचा सिग्नल अडवतो, जो येतो तो खांबांवर आपटून येतो, आणि नकाशावरची तुमची जागा २०-३० मीटर सरकते. तुम्ही पांढऱ्या पट्ट्यांत गाडी लावून उभे, आणि ॲप म्हणतं झोनबाहेर आहात. यावर चिडून बटण दहा वेळा दाबण्यात अर्थ नाही. गाडी दहा-पंधरा पावलं मोकळ्या आकाशाखाली न्या, अर्धा-एक मिनिट उभे राहा, नकाशावरचा ठिपका झोनमध्ये येऊ द्या, मग संपवा. मोबाइलचं लोकेशन ‘अचूक’ वर, ब्लूटूथ आणि डेटा दोन्ही चालू. बॅटरी वाचवणारा मोड चालू असेल तर तो बंद करा; तो लोकेशन आळशी करून टाकतो.

सायकलचं कुलूप जरा वेगळं. मागच्या चाकावर घोड्याच्या नालेसारखं एक कडं असतं. स्कॅन केलं की ॲप सर्व्हरकडून चावी आणतं आणि ब्लूटूथने कुलपाला देतं. स्प्रिंगच्या जोराने खिट्टी खटकन मागे जाते. बंद करताना मात्र दट्ट्या हाताने खाली ओढायचा असतो. तो अर्ध्यावर अडला तर जोर लावू नका, खिट्टीच्या वाटेत स्पोक आला आहे. चाक दोन बोटं पुढे ढकला आणि पुन्हा ओढा. ‘टक’ आवाज आला म्हणजे कुलूप लागलं, राइड संपली असं नव्हे. कुलपाने तो निरोप तुमच्या मोबाइलमार्फत सर्व्हरला पोहोचवायचा असतो, आणि तेवढ्यात तुम्ही मेट्रोचा जिना चढून ब्लूटूथच्या टप्प्याबाहेर गेलात तर मीटर तासभरही चालू राहू शकतं. सायकलीपासून हलायच्या आधी स्क्रीनवर बिलाचा आकडा दिसला पाहिजे.

सायकल की स्कूटी? दोन किलोमीटरच्या आत, सकाळी नऊच्या आधी, सायकल. भाडं कमी, चढ नाही, आणि बिघडण्यासारखं काही नाही. पण एक पक्कं: सीट आपल्या मापाची केल्याशिवाय निघू नका. सायकलीशेजारी उभं राहा, सीट कमरेच्या हाडाइतकी वर आणा, खालची पट्टी आवळा. ही पट्टी आधीच्याने अर्धवट लावलेली असते आणि सीट वाटेत फिरते. बऱ्याच भाड्याच्या सायकलींना पंक्चर होऊ नये म्हणून भरीव टायर असतात. पंक्चर होत नाही हे खरं, पण आपल्या सिमेंट रोडचा प्रत्येक सांधा कंबरेला कळतो आणि पेडल जड लागतं. एकच गिअर, भरीव टायर आणि पाठीवर लॅपटॉप घेऊन आयटी पार्क गाठणं हे हौशी लोकांचं काम. रोज सायकलच चालवायची असेल तर स्वतःची घेतलेली बरी. नागपूर मेट्रोने सायकल डब्यात घेऊन जायची मुभा दिलेली आहे, आणि ही सोय भाड्याच्या कुठल्याही सायकलीला भारी पडते.

सिमेंट रोडचा विषय निघालाच आहे तर त्याच्या कडेबद्दल. जुन्या डांबरावर सिमेंटचा थर चढला की रस्ता बाजूच्या पट्टीपेक्षा चार-सहा बोटं उंच होतो. मध्ये गट्टू (फरशीचे सिमेंट ब्लॉक) बसवले तर ठीक, नाहीतर नुसती पायरी राहते. मोटारसायकलचं मोठं चाक ती पायरी गिळतं. भाड्याच्या स्कूटीचं चाक लहान असतं. तिरक्या कोनात पायरी चढायला गेलं की चाक कडेला घासत जातं आणि गाडी अंगावर येते. चढायचंच असेल तर काटकोनात, हळू, नाहीतर उतरून. कडेला साचलेल्या बारीक गिट्टीवर पुढचा ब्रेक एकट्याने दाबू नये, हे वेगळं सांगायला नको, पण सांगितलं.

ताकदीचं गणित बघितल्याशिवाय चढावर जाऊ नये. मोटर २५० वॉटची. माणूस आणि गाडी मिळून १३० किलो. सपाटीवर एवढी ताकद २५ च्या वेगाला जेमतेम पुरते. १०० मीटरला चार मीटर चढ आला की त्याच मोटरचा वेग ताशी १०-१२ वर येतो. म्हणून फुटाळ्याहून सेमिनरी हिल्सकडे जाताना गाडी ‘मेली’ असं वाटतं. ती मेलेली नाही, तिची तेवढीच लायकी आहे. रामझुला किंवा वर्धा रोडच्या वरच्या पुलावर तर ही गाडी घालूच नका. मागून ६० ने येणाऱ्या कारला तुमचा १२ चा वेग अंदाजात येत नाही. खालचा रस्ता धरा. उतारावर इंजिनाची ओढ नसते, सगळं ब्रेकवर. दोन्ही ब्रेक थोडे दाबत, थोडे सोडत उतरा.

बॅटरी किती असली की पुरे? बॅटरी एक युनिट (१,००० वॉट-तास) विजेची आणि किलोमीटरला २० वॉट-तास खर्च धरला तर पूर्ण बॅटरीत ५० किलोमीटर आणि ३० टक्क्यांत १५. प्रत्यक्षात १० धरा. २० टक्क्यांखालची गाडी सपाटीवर तीन किलोमीटर नेईल, चढावर दगा देईल. चढावर मोटर जास्त करंट ओढते, थकलेल्या बॅटरीचा व्होल्टेज तेवढ्यापुरता घसरतो आणि बॅटरीतलं संरक्षण सर्किट पुरवठा तोडतं. दोन मिनिटं थांबलं की तीच बॅटरी पुन्हा १५ टक्के दाखवते. आकडा खोटा नसतो, तो फक्त आराम करत असतानाचा असतो.

उन्हाळ्याचं गणित अजून वेगळं. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर तापलेला असताना चार्ज करायचा नसतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात बाहेरची हवाच त्या आकड्याला भिडते. २०२४ च्या मेअखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. तो यंत्राचा दोष निघाला, पण आकडा वाचून नागपूरकर फारसे दचकले नाहीत ते उगाच नाही. उन्हात उभ्या गाडीतून काढलेली बॅटरी आधी थंड होऊ द्यावी लागते, मग चार्जिंगला. साहजिकच नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) दुपारी पूर्ण भरलेल्या गाड्या कमी. याच शहरात मे २०१७ मध्ये ओलाने २०० विजेच्या वाहनांचा प्रयोग सुरू केला होता, तेव्हाही अडचण चार्जिंगला लागणाऱ्या वेळाचीच होती. बॅटरी बदलता येणारी स्कूटी त्या बाबतीत सोयीची, तरी उन्हापुढे तिचंही काही चालत नाही. मे महिन्यात सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर वापरा. सावलीतली गाडी चार पावलं लांब असली तरी तीच घ्या. काळी सीट तापलेली असते. दुपट्टा आधी सीटवर, मग डोक्याला. मोबाइल स्कूटीच्या होल्डरवर उन्हात लावू नका; तो तापून बंद पडला तर राइड संपवणार कशाने?

पावसात एकच मोजमाप ठेवा: चाकाचा मध्य. पाणी तिथवर असेल तर गाडी त्यात घालायची नाही. मोटर मागच्या चाकातच असते आणि तिची तार आसाच्या टोकातून आत जाते. पाणी शिरतं ते तिथून. बॅटरीवर आयपी ६७ लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ एक मीटर साध्या पाण्यात अर्धा तास, एवढाच. नाल्याचं वाहतं, गाळाचं पाणी त्यात धरलेलं नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत जे पाणी घुसलं ते पाहिलेल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. पाणी चढताना दिसलं तर उंच जागा गाठा, राइड संपवा. झोनबाहेरचा दंड लागला तरी परवडला. ‘चालू’ राइडमध्ये बुडालेली गाडी तुमच्या नावावर असते. ओले ड्रम ब्रेक उशिरा धरतात. पाण्यातून निघाल्यावर पन्नासेक मीटर ब्रेक हलका धरून चालवा, म्हणजे आतली ओल निघून जाते.

कायद्याचं थोडक्यात. मोटरची ताकद २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ च्या आत असला की गाडी मोटार वाहनात मोडत नाही. लायसन्स, नंबर प्लेट काही नको. हिरवी नंबर प्लेट दिसली तर ती मोटार वाहन आहे आणि लायसन्स, हेल्मेट दोन्ही हवं. बिनप्लेटच्या गाडीची दुसरी बाजू लोक विसरतात: तिला मोटार वाहनाचा विमाही सक्तीचा नाही. कुणाला धडक बसली तर भरपाई कुणी द्यायची, हे ॲपच्या अटींत शोधा. ‘अपघात’ हा शब्द टाकून शोधलं तर दोन मिनिटांत सापडतं. हेल्मेट कायद्याने नसलं तरी घालावं, २५ च्या वेगाने सिमेंटवर पडणं मऊ नसतं. आणि एका सीटच्या गाडीवर दोन पोट्टे बसलेले रोज दिसतात. त्यात गाडी थांबायला जास्त अंतर लागतं आणि अपघात झाला तर अटी मोडल्याचं खापरही तुमच्यावर.

डिपॉझिट मागणाऱ्या सेवेपासून सांभाळून. चीनच्या ओफो कंपनीच्या सायकली २०१८ मध्ये भारतात दिसल्या आणि त्याच वर्षी गेल्या. त्याच डिसेंबरात बीजिंगमध्ये डिपॉझिट परत मागायला तिच्या ऑफिसापुढे रांगा लागल्या होत्या, आणि ऑनलाइन यादीत एक कोटीहून जास्त लोक होते. पुण्यातही २०१७ च्या अखेरीस भाड्याच्या सायकली मोठ्या गाजावाजात आल्या आणि दोनेक वर्षांत कुलपं तुटून, घराघरांत अडकून दिसेनाशा झाल्या. म्हणून वॉलेटमध्ये एका आठवड्यापुरतेच पैसे ठेवा. ५०० भरा, १०० जास्त मिळवा, ही योजना नवीन सेवेकडून आली तर अजिबात नको. दोन वर्षं टिकलेल्या सेवेकडून आली तर बघू.

जास्तीचं बिल लागलं तर फोनपेक्षा ॲपमधून लेखी तक्रार लवकर सुटते. गाडी क्रमांक, कुलूप लावल्याची वेळ, आणि गाडीसोबत मागचा मेट्रोचा खांब दिसेल असा एक फोटो जोडा. खांबांवर क्रमांक रंगवलेले असतात. तो क्रमांक फोटोत आला की गाडी झोनमध्ये होती की नव्हती, हा वाद तिथेच मिटतो.